‘आपलं काहीतरी लिही ना!’

माझ्या खालाचा मुलगा मिरजेत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या ईदला शिरखुर्म्याची वाटी हातात धरून त्याने जाहीर केलं, की डिग्री पूर्ण करीन, पण नोकरी करणार नाही. त्याला पटकथा लिहायच्या आहेत. घरात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग खालाने माझ्याकडे पाहिलं. खानदानातला पहिला इंजिनिअर मी, पुण्यात नोकरी, हप्त्यांवर का होईना पण स्वतःचा फ्लॅट. त्यामुळे पोरांची समजूत घालायचं खातं आपोआप माझ्याकडे आलेलं आहे.

त्याला घेऊन गच्चीवर गेलो. त्याने मोबाइलवर तीसेक पानं वाचायला दिली. आळंदीहून दरवर्षी पालखीबरोबर चालणारी एक आजी, आणि यंदा गुडघ्यांनी दिलेला नकार. तिचा मुलगा म्हणतो, गाडीने जाऊ. तिला ते मंजूर नाही. एवढीच गोष्ट, पण दोघांचं भांडण असं जमलं होतं की मी वाचता वाचता खाली बसलो. वाचून झाल्यावर मात्र तोंडातून निघालं, “चांगलंय रे, पण तू हे कशाला लिहितोस? आपलं काहीतरी लिही ना.”

तो काही बोलला नाही. मोबाइल परत घेतला आणि खाली गेला.

परतीच्या एसटीत मला राही मासूम रज़ा आठवले. त्यांची ओळख मला फार उशिरा झाली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा अम्मी पुण्यात आमच्याकडे अडकली होती. माझा लॅपटॉप एका खोलीत, महाभारत दुसऱ्या खोलीत. एकदा चहा घ्यायला उठलो आणि श्रेयनामावलीत लेखकाचं नाव वाचून दारातच थांबलो. अम्मीला माझं आश्चर्य वाटलं. “आम्हाला तेव्हापासून माहीत आहे,” ती म्हणाली. रविवारी सकाळी गल्लीतल्या एकाच घरात टीव्ही, बाहेर चपलांचा ढीग, आणि ते नाव पडद्यावर आलं की कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं.

राहींचा जन्म १९२७चा, उत्तर प्रदेशातल्या गाजीपूर जिल्ह्यातला. गंगौली हे त्यांचं गाव. लहानपणी पोलिओ झाला, पाय कायमचा अधू झाला. अलीगढ विद्यापीठात ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या प्रचंड दास्तानवर पीएचडी केली, तिथेच शिकवलं. १९६६मध्ये ‘आधा गाँव’ आली. फाळणीच्या काळातल्या गंगौलीच्या शिया मुसलमानांची ही कादंबरी. माणसं तिथल्या बोलीत बोलतात, आणि शिव्याही तिथल्याच देतात. पुढे जोधपूर विद्यापीठात ती अभ्यासाला लावली तेव्हा त्या शिव्यांवरून मोठा गदारोळ झाला. साठचं दशक संपता संपता राही मुंबईत आले आणि सिनेमासाठी लिहू लागले.

आता या कामाकडे जरा नीट बघा. ‘मिली’, ‘गोलमाल’, ‘कर्ज’, ‘लम्हे’ यांचे संवाद राहींचे. ‘गोलमाल’मध्ये मिशीवर जीव टाकणारा भवानीशंकर आणि ‘लम्हे’मधलं न बोलता येणारं प्रेम एकाच लेखणीतून उतरलंय हे मला आधी खरं वाटेना. ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ आणि ‘लम्हे’च्या संवादांसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. मार्च १९९२मध्ये ते गेले. हिंदी सिनेमात कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असं पुष्कळदा असतं. दुसऱ्याने आखलेल्या प्रसंगात तिसऱ्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य घालायचं, तेही दिलेल्या तारखेपर्यंत. आमच्या ऑफिसात याला वेगळं नाव आहे, पण दुखणं तेच.

आणि मग महाभारत. एक इंजिनिअर म्हणून मला त्यातली एक युक्ती फार आवडते. मूळ ग्रंथात सांगणाऱ्याच्या आत सांगणारा आहे. वैशंपायन जनमेजयाला सांगतो, ते ऐकून सौती पुढे ऋषींना सांगतो. दर रविवारी टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसाला हे कसं पेलणार? राहींनी निवेदक केला तो ‘समय’. सगळं पाहिलेला, कुणाच्याच बाजूचा नसलेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या ओलांडताना खुलासा द्यावा न लागणारा. चौऱ्याण्णव भागांची मालिका त्या एका आवाजाला धरून उभी राहिली. ‘पिताश्री’, ‘भ्राताश्री’ ही संबोधनं अब्बाजान, भाईजान ऐकत वाढलेल्या कानाने घडवली असं सांगतात. (मराठीत ‘मातोश्री’ आधीपासून होतंच, त्यामुळे आपल्याला ते फारसं खटकलं नसावं.)

हे काम त्यांनी आधी नाकारलं होतं. वेळ नाही म्हणाले. पण चोप्रांनी त्यांचं नाव जाहीर केलं आणि पत्रं येऊ लागली, की महाभारत लिहायला मुसलमानच सापडला का? चोप्रांनी ती पत्रं राहींकडे पाठवून दिली. ती वाचल्यावर राहींनी होकार दिला. आपण गंगेचे पुत्र आहोत, या देशाची संस्कृती आपल्याइतकी कुणाला ठाऊक, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाल्याचं अनेकांनी सांगून ठेवलंय.

एसटीत मला जे टोचलं ते हे, की मीही गच्चीवर तेच पत्र लिहिलं होतं. फक्त उलट्या बाजूने. त्यांनी म्हटलं, हे आमचं आहे, तू लिहू नकोस. मी म्हटलं, ते त्यांचं आहे, तू लिहू नकोस. पत्ता वेगळा, मजकूर एकच.

हे माझ्या तोंडून यावं याची जास्त लाज वाटली. नोकरीच्या पहिल्या वर्षी टीममधला एकजण मला कौतुकाने म्हणाला होता, “वाटत नाही हं तू मुस्लिम, किती शुद्ध मराठी बोलतोस!” मी हसलो होतो, पण ते वाक्य आजही विसरलेलो नाही. मराठी माझ्या अम्मीची, शाळेची, भांडणाची भाषा आहे. त्यात कौतुक कसलं? आणि तोच मी खालाच्या पोराला सांगत होतो की वारी आपली नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी अभंग लिहिताना कुणाला विचारलं होतं? बार्शीच्या अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी गाताना?

‘आपलं लिही’ या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पडद्यावर आपण दिसतो ते एक तर कव्वालीत, नाही तर बंदूक घेऊन, नाही तर नायकासाठी जीव देणारा दोस्त म्हणून. भिवंडीच्या यंत्रमागावरचा माणूस, मिरजेत सतार घडवणारा कारागीर, स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न करणारी मुलगी यांना आपल्यातल्याच कुणीतरी लिहायला हवं. पण ते कर्ज नव्हे, की आधी फेडा आणि मगच दुसरं लिहा. राहींनी ‘आधा गाँव’ लिहिली आणि तीनच वर्षांनी ‘टोपी शुक्ला’. तिचा नायक ब्राह्मण मुलगा आहे आणि इफ्फन त्याचा जिवलग. टोपीचा एकटेपणा ज्याला कळला त्यालाच इफ्फनचंही घर नीट दाखवता आलं, असं मला ती वाचताना वाटत राहिलं.

आता पैशांचं. खालाचा प्रश्न तोच आहे आणि तो चुकीचा नाही. या धंद्यात पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात, शेवटचा टप्पा बऱ्याचदा बुडतो, आणि महिन्याच्या एक तारखेला खात्यात काही येईलच असं नसतं. राहींनीच १९७७मध्ये ‘सीन ७५’ नावाची कादंबरी लिहिली. मुंबईतल्या एका पटकथालेखकाची, आणि त्या दुनियेतल्या खोट्या मानाची नि खऱ्या उपासमारीची. पोराने सिनेमाच्या वाटेला जाण्याआधी ती वाचावी. पण बाजार तेव्हाचा राहिलेला नाही. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची युनियन आहे. तिथे पटकथा नोंदवून ठेवता येते, वाद झाला तर दाद मागता येते. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर, म्हणजे टीव्ही, ऑनलाइन वगैरेवर, लेखकाचा रॉयल्टीचा हक्क ठेवलाय, आणि तो करारात लिहून दिला तरी सोडता येत नाही. प्रत्यक्षात तो वसूल करायला झगडावं लागतं, पण हक्क कागदावर आहे. मी बारा वर्षं कोड लिहितोय, त्यातली एक ओळही माझ्या नावावर नाही.

खालाला मी फोन केला. डिग्री तो पूर्ण करील, त्यानंतर दोन वर्षं त्याला द्या, त्यात पुण्याच्या एफटीआयआयमधला पटकथेचा अभ्यासक्रम मिळतोय का ते बघू, राहायला माझ्याकडे येईल. खाला म्हणाली, “आणि दोन वर्षांनी काहीच नाही झालं तर?” मी म्हटलं, डिग्री कुठे पळून जात नाही. तिने अजून हो म्हटलेलं नाही. पण फोनही ठेवला नाही, अर्धा तास बोलत राहिली.

पोराला मेसेज केला, की गच्चीवर चुकलो, नवा मसुदा झाला की पाठव. परवा आला. मी चूक काढली ती एकच. त्याने दिवेघाट जेजुरीनंतर टाकला होता. माझं ऑफिस हडपसरला आहे, दरवर्षी पालखी तिथून दिवेघाट चढून सासवडला जाते आणि त्या दिवशी आमची बस बंद असते. घाट आधी, जेजुरी नंतर, एवढंच लिहून पाठवलं.

त्याचं उत्तर आलं, “म्हणजे भाई, नीट वाचलंस तर.”