जादू दाखवा, पण दोराही दाखवा



गेल्या वर्षी सहावीच्या वर्गात मी एक जादू करून दाखवली. वहीच्या कागदाचं छोटंसं फुलपाखरू टेबलावर ठेवलं, त्यावर हात फिरवला आणि ते हळूहळू हवेत वर आलं. मुलं अक्षरशः बाकांवर उभी राहिली! 'बाई, कसं केलं?' असा एकच गलका झाला. मी हसून म्हटलं, 'जादू आहे.' घंटा झाली आणि मी वर्गाबाहेर पडले.

तिसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीची आजी धाकट्या नातवाला कडेवर घेऊन शाळेत आली. 'बाई, पोराला दोन दिस झाले ताप हाय. जरा तुमचा हात फिरवा की त्याच्यावरून. पोरगी म्हनती, तुमच्या हातात काहीतरी हाय.'

माझ्या पोटात गोळाच आला. चूक आजींची नव्हती आणि मुलीचीही नव्हती. तिने डोळ्यांनी पाहिलं तेच घरी सांगितलं होतं. अर्धवट सोडलं होतं ते मी. म्हणून हा लेख.

आधी दोऱ्याबद्दल सांगते, कारण अनेकांना हा प्रयोग करायचा असतो. जादूचा 'अदृश्य दोरा' विकत मिळतो, पण आपलं काम शिंप्याकडच्या दोऱ्यावर भागतं. इंटरलॉक मशीनला जो मऊ, फुगीर दोरा लावतात, त्याला फारसा पीळ नसतो. त्याचं टोक उकललं की आत पुष्कळ बारीक तंतू दिसतात. त्यातला एकच तंतू अलगद ओढून घ्यायचा. तो केसापेक्षाही बारीक असतो. मासे पकडायचा तंगूस घेऊ नका. तो जाड असतो, चकाकतो आणि वळलेला राहतो. नायलॉन मांजा तर मुळीच नको. त्याने गळे कापले जातात, पक्षी मरतात, आणि २०१७ पासून त्यावर बंदी आहे.

रंग निवडताना मागे काय आहे ते बघा. फळ्यासमोर काळा तंतू लपतो, पांढऱ्या भिंतीसमोर तोच उठून दिसतो. एकरंगी कपड्यापेक्षा फुलाफुलांच्या साडीसमोर तो चांगला हरवतो. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर मात्र तंतू चमकतो आणि पहिल्या बाकावरचं पोरगं लगेच ओरडतं, 'दोरा आहे!'

असं का होतं? ३ मीटरवरून पाहताना सुमारे १ मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके आपल्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. केसाची जाडी तर साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. तरीही कोळ्याचं जाळं सकाळच्या तिरप्या उन्हात लांबूनही दिसतं आणि दुपारी जवळ जाऊनही दिसत नाही. म्हणजे बारीक वस्तू दिसणं हे नुसत्या जाडीवर नाही, तर तिच्यावर पडणारा उजेड आणि मागची पार्श्वभूमी यांतल्या फरकावर ठरतं. प्रकाशाच्या धड्याला यापेक्षा चांगली सुरुवात कुठली?

कृती सोपी आहे. तंतूचं एक टोक फळ्याच्या वरच्या चौकटीला मेणाने चिकटवा, दुसरं बोटाला मेणानेच लावा. गुंडाळू नका. मधोमध मेणाच्या कणाने फुलपाखरू लावा. हात लांब नेला की तंतू ताणला जातो आणि फुलपाखरू वर येतं. दुसरा हात नुसता फिरवायचा, सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. मुलांच्या डोळ्यांपासून आणि गळ्यापासून तंतू दूर ठेवा, झाल्यावर गोळा करून टाका.

आता माझं मत. दोरा त्याच तासाला दाखवायलाच हवा. काहीजण म्हणतील, 'गुपित फुटलं की मजा गेली. जादूगार कधी सांगतो का?' खरं आहे. पण जादूगाराचं तिकीट काढणाऱ्याला माहीत असतं की ही हातचलाखी आहे. शिक्षकाचं तसं नाही. आपण सांगितलेलं मुलं खरं मानतात, त्याच विश्वासावर आपण शिकवतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही गावोगावी चमत्कार करून दाखवतात, पण त्यामागचं कारण सांगितल्याशिवाय जात नाहीत. लोकांना ठकवण्यासाठी असे चमत्कार दाखवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे तर संविधानाच्या कलम ५१ क मधलं आपलं कर्तव्यच.

मात्र एकदम सांगूनही टाकू नका. मुलांना अंदाज करू द्या. आमच्या वर्गात कुणी चुंबक म्हणालं, कुणी वारा. पंखा बंद केला, लोखंडाची टाचणी जवळ नेली, दोन्ही अंदाज बाद झाले. मग एका मुलाने बाजूने बॅटरीचा उजेड पाडला आणि तंतू चमकला! त्या वेळचा आरडाओरडा पहिल्या दिवसापेक्षा मोठा होता. मजा गेली नाही हो, दुप्पट झाली.

आणि आजी? त्यांना खुर्चीवर बसवून मी आधी तो तंतू त्यांच्या तळहातावर ठेवला. 'आजी, माझ्या हातात एवढंच हाय.' त्या बघत राहिल्या, मग खुदकन हसल्या. तिथून आम्ही बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो.

पालकहो, घरी मुलांसोबत हा प्रयोग जरूर करा. पुढे कुणी हवेतून काही काढून दाखवलं, तर तुमचं मूल आधी विचारेल, 'उजेड कुठून येतोय?' एवढं विचारता आलं तरी पुष्कळ झालं.