लेखनिकाचा हात

एखाद्या अंध विद्यार्थ्यासाठी परीक्षेत लेखनिक म्हणून बसशील का, अशी विचारणा शाळेतील मुलास झाली, म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी बहुधा एवढेच म्हणतात, "जा, पुण्याचे काम आहे." हे उत्तर वाईट नाही, परंतु ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत त्या अंध विद्यार्थ्यास मोजावी लागते. पुण्य जोडण्यास आलेला मनुष्य उशिरा आला तरी त्यास बोलता येत नाही. त्याने अर्धे वाक्य गाळले, अक्षर लावता येऊ नये असे काढले, तरी शेवटी आभारच मानावे लागतात. माझे मत असे आहे, की विश्वविद्यालयात शिकणाऱ्या अपंग विद्यार्थ्यास मिळणारे साहाय्य कोणाच्या दयाबुद्धीवर सोपवलेले असू नये. ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा ज्याप्रमाणे संस्थेच्या व्यवस्थेचा भाग असते, तद्वतच ते असावे. आणि त्यात हातभार लावणाऱ्याने आपले काम रीतसर शिकून घ्यावे.

हेलन केलर यांचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. दृष्टी आणि श्रवण या दोन्हींना पारख्या झालेल्या या विदुषीने १९०४ मध्ये अमेरिकेतील रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी मिळवली. त्यांच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन वर्गात शेजारी बसत आणि अध्यापकांची व्याख्याने अक्षराअक्षराने त्यांच्या तळहातावर उमटवीत. ही कथा आपण गुरुशिष्येच्या प्रेमाची म्हणून सांगतो व तेथेच थांबतो. परंतु हेलन यांनी आत्मचरित्रात नमूद केलेली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १८९९ च्या प्रवेशपरीक्षेत प्रश्नपत्रिका समजावून देण्यास सलिव्हनबाईंना मज्जाव होता. त्या ब्रेल लिपीत उतरवून देण्यासाठी दुसऱ्या गृहस्थांची योजना झाली. भाषाविषयांत अडले नाही. पण बीजगणिताची चिन्हे ज्या अमेरिकन ब्रेल पद्धतीने लिहिली जाणार होती, ती पद्धत हेलन यांच्या सवयीची नव्हती, आणि हे त्यांस कळले परीक्षेच्या अवघे दोन दिवस आधी! ती चिन्हे घाईघाईने पाठ करून त्या परीक्षेस बसल्या व उत्तीर्णही झाल्या. त्यांच्या जिद्दीचे कौतुक अवश्य करावे; पण त्या दिवशी परीक्षा बीजगणिताची झाली की चिन्हांच्या पाठांतराची, हेही विचारावे. शिवाय सलिव्हनबाईंची स्वतःची दृष्टी अधू होती. महाविद्यालयाची पुस्तके वाचून दाखवताना त्या डोळ्यांवर जो ताण पडला, त्याचा भार संस्थेने उचलला नव्हता. एका माणसाच्या डोळ्यांवर दुसऱ्याचे सारे शिक्षण टांगून ठेवणे ही व्यवस्था नव्हे.

व्यवस्था कशास म्हणावे, याचे उदाहरणही अमेरिकेतच सापडते. एड रॉबर्ट्स हा तरुण पोलिओने मानेखाली लुळा पडला होता. श्वासासाठी त्यास लोखंडी यंत्रात झोपावे लागे. १९६२ मध्ये तो बर्कली येथील कॅलिफोर्निया विश्वविद्यालयात दाखल झाला. त्याचे यंत्र मावेल असे वसतिगृह नव्हते, म्हणून विश्वविद्यालयाच्या रुग्णालयातच त्याच्या राहण्याची सोय झाली. त्याच्या मागोमाग त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले आणि १९७० मध्ये तेथे अपंग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. मदतनीस शोधणे, चाकाची खुर्ची दुरुस्त करून देणे, राहण्यास जागा पाहणे ही कामे त्यामुळे प्रत्येकाच्या आईवर पडेनाशी झाली.

आपल्याकडे कायदा झाला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. शासकीय व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखल्या. परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिक देण्याचाही त्यात उल्लेख आहे. हात आखडण्याच्या विकाराने लिहिता न येणाऱ्या एका उमेदवारास लेखनिक नाकारला गेला, तेव्हा २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ही सोय केवळ चाळीस टक्क्यांच्या रेषेपलीकडील लोकांपुरतीच रोखून धरता येणार नाही. अपंग हा शब्द जाऊन दिव्यांग हा शब्द सरकारी कागदोपत्री आला. त्याविषयी माझे भांडण नाही. ज्या इमारतीस पायऱ्याच आहेत आणि उतार नाही, तिच्यापुढे दोन्ही शब्द सारखेच थबकतात, एवढेच.

आता लेखनिकाकडे वळू. त्याचे काम हाताचे आहे, डोक्याचे नाही. आणि हेच फार कठीण आहे. हुशार मुलगा चुकीचे उत्तर ऐकून अस्वस्थ होतो, नकळत ते सुधारतो, किंवा भुवया उंचावून "हं?" असे म्हणतो. समोरचा अंध असला तरी तो "हं" त्यास ऐकू येतोच. हा उपकार नव्हे, चोरी आहे. कारण त्या उत्तरपत्रिकेवर मग कोणाचे विचार उतरले ते सांगता येत नाही. उलट आळशी लेखनिक लांब वाक्य आखूड करतो, तीही तितकीच चोरी. प्रश्न गुणांसह सावकाश वाचावा, सांगितले तेच लिहावे, विशेषनामाचे शुद्धलेखन विचारून घ्यावे, परिच्छेद कोठे पाडायचा ते सांगणाऱ्याने ठरवावे आणि मागेल तेव्हा लिहिलेले परत वाचून दाखवावे. हे सर्व परीक्षागृहात शिकता येत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत परीक्षा घेणाऱ्या संस्थेने नेमलेल्या लेखनिकास दोन दिवस आधी भेटण्याची मुभा उमेदवारास होती. माझ्या मते दोन दिवस थोडे आहेत. दोघांनी एक जुनी प्रश्नपत्रिका तरी पूर्ण सोडवून पाहिलेली असावी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी लोकांपुढे याहून एक निराळी अडचण आहे. आपल्या इंदुरात अंध विद्यार्थी मराठीत उत्तरे सांगू लागला आणि लेखनिक हिंदी भाषिक मिळाला, तर लिपी एकच असूनही घोटाळा होतो. तो "काळ" म्हणतो, कागदावर "काल" उमटतो. "वेळ" सांगावी तर "वेल" उगवते. परीक्षकास वाटते, मुलाची भाषाच कच्ची. मराठी शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांनी अशा वेळी पुढे झाले नाही, तर ते काम दुसरे कोण करणार?

वाढीव वेळेविषयी पुष्कळ कुरकुर ऐकू येते. याच सूचनांत ताशी किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेस एक तास अधिक, असे प्रमाण दिले होते. इतरांवर हा अन्याय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एक निबंध स्वतः न लिहिता दुसऱ्यास सांगून लिहवून पाहावा. वाक्य मनात जुळवायचे, उच्चारायचे, लिहून होईपर्यंत धरून ठेवायचे आणि मागचे काय लिहिले ते डोळ्यांनी न पाहता आठवायचे. तो तास बक्षीस नव्हे.

परीक्षा वर्षातून एकदोनदा येते. पुस्तके मात्र रोजची. संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणाली आज मोफत मिळतात व मराठीही वाचतात. पण अध्यापकाने वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले, तर त्यातून वाचण्याजोगे काही निघत नाही. जुन्या ठशांच्या लिपीत टंकलेला मराठी मजकूर तर निरर्थक अक्षरांचा गोंधळ होऊन ऐकू येतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकला, म्हणजे तत्काळ वाचता येतो. ज्या घरांत संगणक आहे आणि मराठी शुद्ध लिहिणारे आजीआजोबा आहेत, तेथे उन्हाळ्याच्या सुटीत एखादे क्रमिक पुस्तक प्रकाशकाच्या अनुमतीची खात्री करून असे टंकून निघणे मुळीच अशक्य नाही. आणि ज्यांना लेखनिक व्हावयाचे आहे त्यांनी भावंडास डोळे मिटून बसवावे, गेल्या वर्षीची इतिहासाची प्रश्नपत्रिका घ्यावी, आणि तो सांगेल ते, चूक असले तरीही, जसेच्या तसे लिहून पाहावे.