खिशांतील किल्ल्यांचा जुडगा

आमच्या राहनाळच्या आसपास जिकडे पाहावें तिकडे गुदामें. त्यांस भक्कम कुलुपें असतात, रात्रीं पहाराहि असतो. परंतु त्यांच्यापुढून भरगच्च रिक्षांतून अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या गृहस्थाच्या खिशांतून जो मोबाईल अर्धा बाहेर डोकावत असतो, त्यांत सबंध घराचा ऐवज आहे, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. एकत्र कुटुंबांत तर विशेषच. वडीलधाऱ्यांच्या मोबाईलमध्यें सर्वांच्या आधारपत्रांचीं छायाचित्रें, सूनबाईंचें बँकेचें पासबुक, चिरंजीवांचीं प्रमाणपत्रें. आणि तो उघडण्याचा अंक झाडून साऱ्या नातवंडांस पाठ!

पडद्यास कुलूप घातलें म्हणजे काम झालें, अशी समजूत आहे. हुशार चोर पडद्याच्या वाटेस जातच नाहीं. तो आंतील सिम काढून दुसऱ्या यंत्रांत घालतो. मग बँकेचा ओटीपी त्याच्या हातीं येतो, आणि आपल्या नांवें व्हॉट्सॲपवर नातलगांकडे पैसे मागण्यासहि तो मोकळा होतो. म्हणून सिमला स्वतंत्र कुलूप हवें. तें म्हणजे सिमचा पिन. सेटिंग्जमध्यें सुरक्षिततेच्या सदरांत तो लावतां येतो; मग सिम कोठेंहि घातलें तरी प्रथम पिन विचारला जातो. सावधगिरी एकच: कंपनीनें ठेवलेला मूळ पिन अगोदर विचारून घ्यावा. अंदाजानें तीनदां चुकल्यास सिम अडतें व आठ आंकडी पीयूके मागतें. तोहि दहादां चुकल्यास तें कायमचें निकामी होतें. शिवाय कुलूपबंद पडद्यावर संदेशांचा मजकूर झळकतो, तोहि बंद करावा. नाहींतर ओटीपी आयताच वाचावयास मिळतो.

चोरी होतांच लोक प्रथम ठाण्यावर धांवतात. माझ्या मतें पहिला फोन सिम बंद करण्यासाठीं कंपनीस, दुसरा बँकेस. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर. आंतील मजकूर गूगल वा ॲपलच्या खात्यांतून दुरून पुसतां येतो, मात्र यंत्र इंटरनेटशीं जोडलेलें असावें लागतें. मग फिर्याद. तिची प्रत व यंत्राचा पंधरा आंकडी आयएमईआय अंक दिल्यास सरकारच्या सीईआयआर व्यवस्थेंतून तें यंत्र देशांत कोणत्याहि कंपनीच्या सिमवर चालेनासें करतां येतें. ही सोय सप्टेंबर २०१९ मध्यें प्रथम आपल्या महाराष्ट्रांतच प्रायोगिक म्हणून निघाली. मे २०२३ पासून ‘संचार साथी’मार्फत ती सर्व देशास मिळाली.

हा अंक *#०६# दाबतांच दिसतो. घरांतील प्रत्येक मोबाईलचा अंक हिशेबाच्या वहींत उतरून ठेवावा. तो मोबाईलमध्येंच टिपून ठेवणारे विद्वानहि मीं पाहिले आहेत. दोन सिमांच्या यंत्रास असे दोन अंक असतात, दोन्ही लिहावे.