यंत्राने वाचावे, पण कधीपासून?

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला पाठ वाचून दाखवणारे ॲप द्यावे का, असा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असे, की नजर कमी असलेल्या मुलाला आपण चष्मा देतोच. मग याला ॲप दिले तर बिघडले कुठे? दुसरी बाजू म्हणते, फोन वाचायला लागला की पोरगं पुस्तकाकडे बघणारसुद्धा नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या इयत्तांबद्दल खरी आहेत. हे लक्षात न घेतल्याने वाद वर्षानुवर्षे तिथेच घुटमळतो.

सातवीतला एखादा मुलगा घ्या. प्रतापगडचा प्रसंग तो तोंडी रंगवून सांगेल, पण इतिहासाचे पान उघडले की ‘किल्ल्यावर’ या शब्दापाशीच अडतो. वेलांटी लिहायची ‘क’च्या आधी आणि उच्चारायची नंतर. पुढे ‘कर्तव्य’ येते; त्यातला रफार बसतो ‘त’च्या डोक्यावर, पण म्हणायचा ‘त’च्या आधी. एकेक जोडाक्षर फोडत तो वाक्याच्या शेवटी पोहोचतो, तेव्हा सुरुवात डोक्यातून गेलेली असते. मराठीचे लेखन इंग्रजी स्पेलिंगइतके लहरी नाही हे खरे. तरी अशा मुलाची वाचनाची गती काही वाढत नाही. त्याला इतिहास येत नाही असे गुणपत्रिका सांगते, आणि ते चूक असते. ॲप शब्द उच्चारते, उच्चारलेला शब्द पडद्यावर रंगून दिसतो, आणि मुलाचे लक्ष अखेर अर्थाकडे जाते.

याला संशोधनाचाही आधार आहे, मात्र माफक. सारा वुड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांनी वाचनाची अडचण असलेल्या मुलांचे आकलन वाढते, पण फार नव्हे, असे त्यांना दिसले. डिस्लेक्सियासाठी खास म्हणून मिळणारे फाँट आणि रंगीत काचांचे चष्मे यांची गोष्ट निराळी. रंगीत काचांना पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्येच सांगितले होते. पालकांनी त्यावर पैसे घालू नयेत.

पहिली-दुसरीत मात्र मला शंका घेणाऱ्या शिक्षकांचे पटते. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडले, की वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार. बेरीज असती तर एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघाली असती. गुणाकारात एक शून्य असले की सगळेच शून्य. यंत्र हे शून्य झाकते, भरून काढत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला ध्वनी सुटे करून, अक्षराशी जोडून, रोज थोडे थोडे शिकवणारा माणूस लागतो. त्या तासाला टॅब हातात देऊन बाईंना दुसऱ्या कामाला लावले, तर ती बचत नव्हे, फसवणूक आहे. चष्म्याची उपमा इथेच तोकडी पडते: चष्मा लावला म्हणून कुणाचा अक्षरे ओळखण्याचा सराव बुडत नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. शाळाशाळांतून फिरणाऱ्या कितीतरी मराठी पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेल्या असतात. डोळ्यांना पान स्वच्छ दिसते, पण यंत्राला त्यात निरर्थक चिन्हे सापडतात. काही फायली तर नुसते फोटो. शिवाय ‘चार’मधला ‘च’ वेगळा आणि ‘चारा’मधला वेगळा, हा फरक फुकट मिळणाऱ्या आवाजांना दरवेळी साधतोच असे नाही. मजकूर वाचून दाखवणाऱ्या महागड्या पेनाची खरेदी नंतर करता येईल. आधी मजकूर यंत्राला वाचता आला पाहिजे.

प्रश्न खरा तापतो तो परीक्षेत. डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो त्या अध्ययन अक्षमतेचा (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे एलडी) समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. जादा वेळ, लेखनिक अशा सवलती महाराष्ट्रात त्याच्याही आधीपासून मिळतात. ‘एलडीचं सर्टिफिकेट’ हा शब्द शहरी पालकांच्या तोंडी रुळला तो त्यामुळेच. पण यंत्राने प्रश्न वाचला तर कॉपीमुक्त अभियानाचे काय, अशी धास्ती केंद्रसंचालकांना वाटते. ती चुकीची नाही. इंटरनेट असलेला फोन परीक्षेत नकोच. पण जरा उलटून पाहा. प्रश्न वाचून दाखवणारा माणूस योग्य पर्यायावर नकळत जोर देऊ शकतो, यंत्र तसे करत नाही. ब्रिटनमध्ये तर वाचनकौशल्य तपासणाऱ्या भागात माणसाला वाचून दाखवायला मनाई आहे, संगणकाला परवानगी आहे. इंटरनेट नसलेले, केंद्राच्याच ताब्यातले साधन असेल, तर विज्ञान-इतिहासाच्या पेपरात ते नाकारायला मला कारण दिसत नाही. भाषेच्या पेपरातही उताऱ्याचा अर्थ तपासायचा असेल तर ते चालावे.

रोजच्या अभ्यासासाठी मात्र प्रमाणपत्राची वाट पाहायला लावू नये. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ते आठ वर्षांखालच्या मुलाला द्यायचेच नाही असे ठरवले होते, आणि त्या वयापुढेही मुंबईतल्या पालकाला शीव किंवा नायर रुग्णालय गाठणे जमते तसे धडगाव-अक्कलकुव्यातल्या पालकाला जमत नाही. पाठ ऐकला म्हणून कुणाचे नुकसान होत नाही. चौथी-पाचवीपासून ज्याला हवे त्याला ऐकू द्यावे, आणि अक्षरओळखीचा तास त्याच्या बरोबरीने चालू ठेवावा. घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर जातो, तेव्हा ही सोय शाळेतच हवी, हेही ओघाने आलेच.

बालभारतीने प्रत्येक पुस्तक यंत्राला वाचता येईल अशा युनिकोड मजकुरात खुले करावे. आणि दहावीला कोणते साधन चालेल, हे मंडळाने मूल नववीत असतानाच लेखी कळवावे. हॉलतिकीट हातात आल्यावर मिळालेल्या परवानगीचा या मुलांना उपयोग नाही, कारण यंत्राच्या आवाजाची सवय व्हायलाही वेळ जातो.