कुची कोणाचे? मुळात हा प्रश्नच सदोष आहे

माँटेनेग्रोची राजधानी पोदगोरिचा आणि अल्बानियाची सीमा यांच्या मधल्या डोंगरांत कुची नावाची जमात शतकानुशतके नांदली. तिच्या उत्पत्तीविषयी आज दोन पक्ष हिरिरीने भांडतात. एकाच्या मते कुची मूळचे सर्ब. अल्बानियन शेजाराने त्यांच्यावर थोडा रंग चढवला, इतकेच. दुसऱ्याच्या मते ते अस्सल अल्बानियन. ऑर्थोडॉक्स चर्चने त्यांना स्लाव करून टाकले.

दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरतात: जमात म्हणजे एका पुरुषाची वाढलेली वंशवेल. मध्ययुगीन कागदांत मात्र ही वेल सापडत नाही.

शकोदर १४७९ मध्ये ऑटोमनांच्या हाती पडले. १४८५ च्या ऑटोमन करनोंदवहीत कुची हा एक स्वतंत्र महसुली विभाग म्हणून येतो. त्यातील माणसांची नावे वाचावीत. अल्बानियन नावे आहेत, स्लाव नावे आहेत, आणि बापाचे नाव एका भाषेतले तर मुलाचे दुसऱ्या भाषेतले अशीही घरे आहेत. दोन्ही पक्ष याच नोंदवहीतून आपल्या सोयीची नावे वेचतात आणि उरलेली झाकून ठेवतात. याला संशोधन म्हणत नाहीत, वकिली म्हणतात.

मग जमात बनली कशी? या डोंगरांत ‘कातुन’ असत, म्हणजे मेंढपाळांच्या वस्त्या, साधारण आपल्या धनगरांच्या वाड्यांसारख्या. उन्हाळी कुरणे वाटून घ्यायची, वाटा राखायच्या, शेजाऱ्याशी वैर आले की एकत्र उभे राहायचे. या गरजांतून वस्त्या जोडल्या गेल्या. नाते नंतर सांगितले गेले; आधी होते ते कुरण.

‘नंतर सांगितले गेले’ याचा पुरावा कुचींच्याच दंतकथांत आहे. जुन्या कुचींचा मूळपुरुष सर्ब राजा वुकाशिनचा भाऊ गोयको. हा गोयको लोकगीतांत ठळक भेटतो, समकालीन कागदांत नाही. ड्रेकालोविच शाखेची कथा मात्र थेट अल्बानियन वीर स्कंदरबेगाच्या कास्त्रिओती घराण्याकडे जाते. एकाच जमातीच्या दोन शाखा, दोन भाषांतले दोन राजवंश! प्रतिष्ठा हवी असलेल्या घराण्यांनी हाताशी असलेला सर्वांत मोठा पूर्वज निवडला. जगभर हेच घडते.

शेजारच्या जमातींची कथा याहून बोलकी आहे. योहान गेओर्ग फॉन हान यांनी १८५४ मध्ये ती प्रसिद्ध केली. केच नावाचा एक कॅथलिक अल्बानियन तुर्कांपासून पळून आला आणि त्याच्या मुलांपासून होटी, ट्रिएप्शी, वासोयेविची, पिपेरी या जमाती झाल्या. यांतील काही आज अल्बानियन आहेत, काही स्लाव. कथा सुंदर आहे, पण ‘होटीचा डोंगर’ हे नाव १३३० च्या सर्बियन राजपत्रात आहे, तुर्कांनी युरोपात पाय रोवण्याच्या आधी. नातू आजोबांच्या आधी जन्मला, असे म्हणण्यापैकीच हे.

धर्माचेही तेच. बारचे आर्चबिशप मारिनो बिझ्झी १६१० मध्ये कुचींना अर्धे ऑर्थोडॉक्स, अर्धे कॅथलिक म्हणतात. चारच वर्षांनी मारिआनो बोलिझ्झा त्यांना ‘रोमन धर्माचे अल्बानियन’ म्हणून नोंदवतो: ४९० घरे, १५०० शस्त्रधारी. अल्बानियन पक्ष बोलिझ्झा उद्धृत करतो आणि बिझ्झीबद्दल मौन पाळतो. सर्ब पक्ष पुढच्या शतकातला ऑर्थोडॉक्स कुची मागे ढकलून मध्ययुगात नेऊन बसवतो.

आणि रक्ताच्या नात्याची किंमत काय होती? १८५६ मध्ये कुचींनी माँटेनेग्रोच्या प्रिन्स दानिलोला कर नाकारला. त्याचा भाऊ मिर्को पेत्रोविच सैन्य घेऊन चालून गेला आणि बायका-मुलांचीही कत्तल झाली. मारणारे ऑर्थोडॉक्स स्लाव होते. मरणाऱ्यांनाही तोवर हीच ओळख मिळालेली होती.

कुचींचा सरदार मार्को मिल्यानोव (१८३३–१९०१) याने १८७६ मध्ये फुंदिना येथे ऑटोमन सैन्याचा पराभव केला. पन्नाशीच्या सुमारास तो लिहायला-वाचायला शिकला. त्याने सर्बियन भाषेत स्वतःच्या जमातीचा इतिहास लिहिला, आणि शेजारच्या अल्बानियनांच्या जीवनावर व चालीरीतींवरही एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याला दोन्ही पक्ष आपला म्हणतात. त्याची ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही.