सही तुझीच होती

प्रिय विद्यार्थ्या,

तुझं नाव मी इथे लिहीत नाही. एकोणीस वर्षांचा आहेस, सगळं आयुष्य पुढे आहे. पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण असं करून बसलेला तू एकटा नाहीस.

शिष्यवृत्तीसाठी तुमची खाती काढायची होती तेव्हा बँकेत तुम्हाला मीच नेलं होतं. आठवतं? आदल्या दिवशी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तू सही गिरवत बसला होतास. दर वेळी ‘र’ची शेपटी निराळी यायची आणि तुला रडू फुटायचं. पासबुक हातात पडलं तेव्हा दप्तरात न ठेवता शर्टाच्या आत घालून घरी नेलंस. “बाई, हे मी कुण्णाला देणार नाही,” म्हणालास.

मग दिलंस कसं?

पासबुक, एटीएम कार्ड, खात्याला जोडलेलं सिम, सगळं एका पाकिटात घालून टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाच्या हवाली केलंस. पाच हजारांसाठी. वर मला सांगतोस, “मी कुणाला फसवलं नाही बाई, फक्त खातं भाड्याने दिलं.”

फक्त? खाकी चढवून व्हिडिओ कॉलवर म्हाताऱ्या माणसांना ‘डिजिटल अटक’ करणारे स्वतःच्या खात्यात पैसे घेतात का रे? त्यांना तुझं खातं लागतं. तिथे आलेली रक्कम काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात पांगते. माणूस भानावर येऊन १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावतो तोवर हाताशी फार थोडं उरलेलं असतं. कागदावर उरतं तुझं नाव. त्यांचं नाव कुठेच नसतं.

ज्यांचे पैसे तुझ्या खात्यातून गेले त्या निवृत्त परिचारिका आहेत. मी त्यांच्याकडे जाऊन आले. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही असा दम होता, म्हणून दोन दिवस त्यांनी चूल पेटवली नव्हती. मोडलेल्या मुदत ठेवीच्या पावतीची झेरॉक्स त्यांनी औषधांच्या डब्यात घडी घालून ठेवली आहे. मला दाखवताना ती दोनदा हातातून पडली.

तुला माहीत नव्हतं, असं तरी कसं म्हणू? ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं, डिजिटल अटक असा प्रकारच कायद्यात नाही. ती क्लिप मला कुणी पाठवली होती? तूच. खाली लिहिलं होतंस, ‘बाई, जपून राहा.’

राग तुझ्या कॉलेजचाही आहे. सायबर जागृतीचं व्याख्यान झालं, फोटो निघाले. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका. फसू नका एवढंच सांगितलं. फसवणाऱ्याला हातभार लावू नका, हे कुणी सांगितलं नाही. मीही सही शिकवली आणि तिथेच थांबले.

असंच खातं दिलेला तुझा मित्र सतरा वर्षांचा, तो बाल न्याय मंडळापुढे गेला. तुला ती वाट नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ते कलम तुला लागेल की नाही हे कोर्ट ठरवेल. तुझी आई मात्र आत्तापासूनच शेजारणीच्या नजरेला नजर देत नाही. तिने काय केलं होतं?

तुझ्या वर्गातल्या आणखी तिघांनी त्याच माणसाला खातं दिलंय, हे तूच बोलून गेलास. त्यांना आजच्या आज सांग, बँकेत जाऊन ती खाती बंद करायला लावा. फोनमधलं त्या माणसाचं काहीही पुसू नकोस. सायबर पोलिसांपुढे सगळं ठेव, त्याचे नंबर दे. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर मला फोन कर. तेव्हा बँकेत आले होते, तशी पोलीस ठाण्यातही येईन.

तुझ्या बाई