पेत्राची साक्ष आणि रिबकेची नथ

पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय पुढे करून ‘ख्रिस्ती धर्माला दागिना वर्ज्य’ असे वर्गात सांगितले जाते. आम्ही म्हसळ्याकडचे, नथ-बुगड्या पाहत वाढलेलो. आम्हांस हे मान्य नाही. पेत्र वेणी-सोन्याबरोबर वस्त्रेही मोजतो. मग तीही टाकायची काय? उत्पत्तीच्या २४व्या अध्यायात अब्राहामाचा चाकर रिबकेच्या नाकात नथ घालतो, तेथे कोणी नाक मुरडत नाही. निर्गमात कानांतल्या सोन्याचे वासरू होते खरे. पण पुढे निवासमंडपालाही लोक दागिनेच आणून देतात, आणि तेही राजीखुशीने! ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणाऱ्या बाबा पदमनजींना विधवांचे दुःख दिसले होते. तिच्या बांगड्या फोडण्याविरुद्ध हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ साली ठराव करावा लागला.